बसलेल्या पायाचं माप

उजवा एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम, डावा एकशे ब्याऐंशी. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांनी हे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. खाली बारीक अक्षरात खुलासा: "डाव्याची नाडी आखूड आहे. फरक तेवढाच."

बुटांचं वजन करण्यासाठी त्यांनी आईकडून स्वयंपाकघरातला काटा मागवला होता. तेव्हा ते पलंगावरून उठत नव्हते.

"पीठ मोजायचा काटा आहे तो," आई म्हणाली.

"कोरे आहेत गं. रस्ता बघितलेला नाही अजून त्यांनी."

"बूट तो बूट. पिठाला वास लागला तर?"

"तर तेवढं पीठ मी खाईन."

त्या दिवसांत ते काहीच खात नव्हते. आईने काट्यावर वर्तमानपत्राचा तुकडा पसरला, त्यावर बूट ठेवला, आणि बाबांनी आधी कागदाचं वजन करायला लावून ते वजा केलं.

त्यानंतर अठरा दिवसांनी ते गेले. बूट खोक्यात राहिले, खोकं कपाटावर. चार महिने मी ते खाली काढलं नाही. धावायला जात होते, पण जुन्याच बुटांत, आणि कुठे पोचायचं नसल्यासारखी. मग एका सकाळी डाव्या टाचेखालचा तळ सुटून लोंबायला लागला. शर्यत सहा आठवड्यांवर आली होती. दहा किलोमीटरची ही शर्यत बाबांनी निवडली होती, माझं नावही त्यांनीच नोंदवलं होतं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती चौकोन काढून आत लिहिलं होतं: ५५ मि. च्या आत. मला ती शर्यत त्यांनी आणलेल्या बुटांत धावायची होती. बाकी काही ठरवण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

बाबा स्वतः कधी धावले नाहीत. बस सुटत असली तरी नाही. दुसरी येते, म्हणायचे. पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. एकतीस वर्षं त्यांनी जमिनीखालचे पाइप कागदावर काढले, आणि ज्या रस्त्याखाली काय आहे हे त्यांना माहीत असायचं त्या रस्त्यावरून ते जरा हळू चालायचे. मी आठवीत असताना रिलेसाठी चौथी मुलगी कमी पडली म्हणून मला उभं केलं गेलं. आम्ही शेवटून दुसरे आलो. बाबा घरी आले, गप्प जेवले, आणि म्हणाले, "तिच्या पायात किती वजन आहे ते कुणी बघितलंय का?"

तिथून सुरुवात झाली. धावणं त्यांच्या दृष्टीने उचलण्याचा हिशोब होता. हातात स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या एका फेरीत माझी पावलं मोजून त्यांनी गुणाकार केला होता. "दहा किलोमीटरला तुझी नऊ हजार पावलं पडतात," ते अलीकडेही सांगायचे. "तुझा रोजचा बूट दोनशे चव्वेचाळीस ग्रॅमचा. शर्यतीला साठ ग्रॅम हलका घातलास, तर पाचशे चाळीस किलो वाचतात. अर्धा टन! हमालसुद्धा एवढं फुकट उचलत नाही."

"मग रोजही हलकाच घालू का?"

"नको. सरावाला जड, शर्यतीला हलका. पायाला फरक कळला पाहिजे. नाहीतर त्याला वाटेल, जग असंच असतं."

आणि दरवर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या रविवारी माझ्या पायांचं ड्रॉइंग व्हायचं. जमिनीवर जाड कागद, चारही कोपऱ्यांवर वजनं. मी खुर्चीत, हातात पुस्तक, अनवाणी पाय कागदावर. बाबा गुडघे टेकून, पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती फिरायचे. मग तासभर त्या रेघेवर काम चालायचं: टाचेचा मध्य, सर्वांत रुंद जागा, अंगठ्याचं टोक, सगळी मापं बाणांनी दाखवलेली. उजव्या कोपऱ्यात ऑफिसातल्यासारखी चौकट असायची. तपशील: मुलीचा डावा पाय. प्रमाण: १ ला १. त्याखाली दोन ओळी, 'काढणार' आणि 'तपासणार'. काढणार बाबा. तपासणार म्हणून आईने सही करायची, आणि तिची सही झाल्याशिवाय कागद दुकानात जायचा नाही. खात्यात तपासणाऱ्याच्या सहीशिवाय एकही नकाशा बाहेर पडत नसे, तर घरातून का पडावा?

मी नोकरीला लागले, ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवायला लागले, तरी हे चालू राहिलं. मी स्वतः कधी बूट विकत घेतले नाहीत. एकोणचाळीस वर्षांची बाई आपल्या बुटाचा नंबर सांगू शकत नाही, हे मला त्या सहा आठवड्यांत पहिल्यांदा कळलं.

शेवटचं ड्रॉइंग पलंगावर झालं. बाबांनी मांडीवर त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड घेतला, मी पलंगाशेजारी स्टुलावर बसून पाय त्या बोर्डावर ठेवला आणि त्यांना वाचून दाखवत राहिले. त्यांचा हात थरथरत होता, पण रेघ आली. अंगठ्याशी थांबून त्यांनी बराच वेळ दम घेतला. आई औषधं आणायला गेली होती. "ती आली की सही घेऊ," म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना झोप लागली. कागद दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, तिसऱ्या दिवशी बूट आले.

आता, चार महिन्यांनी, खोकं कपाटावरून काढून मी ते पायात घातले आणि घरातल्या बोळातून चार फेऱ्या मारल्या. पायात काही नाही असं वाटत होतं, फक्त अंगठ्यापाशी काहीतरी होतं.

"खालचे लोक वर येतील," आई आतून म्हणाली.

"पुढून जरा लागतायत."

"नवे आहेत. सैल होतील."

मीही तेच म्हणत होते.

तलावाभोवतीच्या रस्त्यावर आम्ही पाच-सहा जण सकाळी धावतो. तिथे कुणाला कुणाचं नाव फारसं ठाऊक नसतं, धंद्यावरून हाक मारतात. मी 'लायब्ररी'. माझ्याबरोबर धावते ती 'दातवाली'. तिचा दातांचा दवाखाना आहे, आणि दिवसभर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गप्प असतो म्हणून सकाळी ती बोलण्याची भूक भागवून घेते. त्या दिवशी आठ किलोमीटर करायचे होते. पहिले चार मी उडत गेले. बूट खरोखर सुंदर होते. त्यांना तळ होता की नुसती कल्पना, कळत नव्हतं.

"आज काय खाऊन आलीस?" दातवाली मागून ओरडली.

सातव्या किलोमीटरला उतार लागला आणि मी लंगडायला लागले. कठड्यावर बसून मोजा काढला. अंगठ्याचं नख जांभळं झालं होतं, शेजारच्या बोटाचं फुटलं होतं, मोज्याला रक्त.

दातवालीने वाकून पाहिलं. "अगं, माझ्याकडे असं काही आलं असतं तर मी सरळ काढूनच टाकलं असतं."

"शर्यतीचे बूट घट्टच असतात."

"घट्ट वेगळं आणि आखूड वेगळं, बाई. दातावरची टोपी केसभर उंच झाली तर माणसं आठवडाभर माझ्या नावाने खडे फोडतात. तू तर पायात हातोडा बांधून पळतेयस."

"बाबांनी माप घेऊन आणलेत."

तिने माझा मोजा झटकून मला परत दिला. बरीच पुढे गेल्यावर म्हणाली, "मग त्यांना नको सांगूस. पण दुकानात जा."

मी दुकानात जायला आणखी नऊ दिवस घेतले. त्या नऊ दिवसांत मी बुटांत ओले कागद कोंबून ठेवले, आतलं पातळ पॅड काढून पाहिलं, नाडी निरनिराळ्या तऱ्हांनी ओवली, नखं मुळाशी कापली. आपल्या आवडत्या लेखकाच्या पुस्तकात ढळढळीत चूक सापडली की वाचक जसा पुढची दहा पानं तिला कारणं शोधत वाचतो, तसं माझं चाललं होतं. दोनदा धावून पाहिलं. दोन्ही वेळा पाच किलोमीटरांनंतर चालत घरी आले.

दुकान चाव्या करणाऱ्याच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. मालकाला बाबा 'उडीवाला' म्हणायचे, मी उडीकाका म्हणते. तरुणपणी ते तिहेरी उडी मारायचे. दुकानाच्या दारात जमिनीवर एक पांढरी पट्टी रंगवलेली आहे, तिथून त्यांनी आयुष्यातली सर्वांत लांब उडी मारली असती तर ती भिंतीपलीकडे, शेजारच्या चष्म्यांच्या दुकानात जाऊन पडली असती. चष्मेवाल्याने त्यांना आपल्या दुकानात ती दुसरी पट्टी रंगवू दिली आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की उडीकाका त्याला आधी शेजारी नेऊन ती दाखवून आणतात.

मला पाहून ते उठले. बाबांबद्दल दोन वाक्यं बोलले, जास्त नाही. मग माझ्या चालण्याकडे पाहिलं.

"किती नखं गेली?"

"एक गेलंय. एक जाईल."

"बस."

मी बसले. सवयीने पाय पुढे केला. त्यांनी पाय मापायची धातूची पट्टी आणली, तिच्यावरची सरकती कडी माझ्या अंगठ्याला लावली आणि आकडा वाचला. मग म्हणाले, "आता ऊठ. उभी राहा यावर. सगळं वजन टाक."

मी उभी राहिले. कडी आपोआप पुढे ढकलली गेली.

"सात मिलिमीटर," उडीकाका म्हणाले. "जवळजवळ एक नंबर. वजन पडलं की पाय पसरतो. सगळ्यांचा पसरतो, तुझा जरा जास्तच."

मी पट्टीकडे पाहत राहिले. "पण आतापर्यंत सगळे बूट बसत होते."

ते कान खाजवत बसले. मग म्हणाले, "ते मी वाढवून देत होतो."

"म्हणजे?"

"तुझे बाबा पहिल्यांदा कागद घेऊन आले तेव्हा तू तेरा वर्षांची. एवढं देखणं ड्रॉइंग मी पाहिलं नव्हतं. पण खाली लिहिलेलं, 'बसून घेतलेले माप.' मी म्हटलं, साहेब, पाय उभा मापतात. ते म्हणाले, उभी केली की ती हलते, रेघ बिघडते. मी म्हटलं बरं. आणि एक नंबर मोठा दिला."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"त्यांना कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? खोक्यावर नंबर छापलेला असतो. त्यांच्यासारखा माणूस खोकं वाचल्याशिवाय राहील? पण ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. चाललं होतं आमचं, पंचवीस वर्षं."

"मग या वेळी?"

"या वेळी फोन आला. म्हणाले, तू वाढवतोस ते मला माहीत आहे. या वेळी कागदाप्रमाणेच दे. शर्यतीचा बूट आहे, नंबर वाढला की वजन वाढतं." उडीकाकांनी कडी मागे सरकवली. "आवाज एवढा बारीक झाला होता. आजारी माणसाशी काय हुज्जत घालायची? दिला. तिथे मी चुकलो."

त्यांनी तीन खोकी खाली काढली, बहुधा बोलणं बदलावं म्हणून. पहिला बूट एकशे पन्नास ग्रॅमचा, हातात धरला तर पाकीट वाटावं असा. "हा नुसता शर्यतीचा. वर्षातून दोनदा घालायचा. सरावाला वापरलास तर पोटऱ्या महिनाभर तुझ्याशी बोलणार नाहीत." दुसरा जाड, उबदार, दोनशे साठचा. "हा आयुष्यभर चालेल, पण पंचावन्न मिनिटं विसर." तिसरा बाबांनी घेतला होता तोच, एक नंबर मोठा. "हा मधला. आठवड्यातून एकदा जोरात धावशील तेव्हा घाल, म्हणजे पायाला ओळख राहील, आणि शर्यतीला घाल. तुझ्या बाबांनी बूट बरोबर निवडला होता. नंबर फक्त..." ते थांबले.

मी तो पायात घातला. अंगठ्यापुढे बोटभर जागा होती. दारातल्या पांढऱ्या पट्टीपासून भिंतीपर्यंत पळत गेले आणि परत आले. इतकं साधं होतं सगळं. आणि मी तो काढून खोक्यात ठेवला.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

"कर," उडीकाका म्हणाले. "पण नखांनाही विचार."

घरी आले तेव्हा आई टेबलाशी भाजी निवडत होती. बाबा गेल्यापासून ती भाजी फार हळू निवडते. दोघींची भाजी संपते लवकर, म्हणून.

"आई, तू त्या ड्रॉइंगवर सही करायचीस. काय तपासायचीस?"

"तारीख."

"नुसती तारीख?"

"नवीन वर्ष लागलं तरी तुझे बाबा सहा-सहा महिने मागचंच साल लिहायचे. ऑफिसात बोलणी खाल्ली होती त्यावरून."

"आणि पाय?"

"पाय काय तपासायचा? समोर होता की."

मी तिला सगळं सांगितलं: बसलेला पाय, उभा पाय, सात मिलिमीटर, उडीकाकांचा एक नंबर. तिने एक देठ मोडला, बाजूला ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "उडीवाल्याने एकदा सांगितलं होतं."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"बूट बसत होते ना तुला? मग?" तिने दुसरा देठ घेतला. "अगं, उभं राहून माप घ्यायचं म्हटलं असतं तर दोन मिनिटांत आटोपलं असतं. तू पळाली असतीस. बसून घेतलं म्हणून तासभर तुम्ही दोघं एका जागी असायचात. तू वाचायचीस, ते काढायचे. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण मला आत बरं वाटायचं."

मी उठून बाबांच्या टेबलाखालची गुंडाळी काढली. पंचवीस-सव्वीस कागद, बाहेरचे पिवळे पडलेले. मी ते आजवर कधी नीट पाहिलेच नव्हते. माझ्या पायांची चित्रं मी कशाला पाहू? प्रत्येकाच्या तळाशी एक टीप होती. पहिल्या कागदावर लिहिलं होतं: "टीप: बसून घेतलेले माप. वाचत असताना पाय हलत नाही." पुढच्या वर्षीही तेच. पुढे नुसतं "टीप: मागीलप्रमाणे", आणि असं वर्षानुवर्षं, मागीलप्रमाणे, मागीलप्रमाणे.

सर्वांत आत शेवटचा कागद होता. उडीकाकांनी तो बुटांबरोबर परत पाठवला होता. रेघ बारीक, जागोजागी तुटलेली. अंगठ्यापाशी जिथे ते थांबले होते तिथे पेन्सिलीचा एक गडद ठिपका. टीप लिहायची राहिली होती.

मी कागद टेबलावर पसरला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "मी दुसरे बूट घेतले," मी म्हणाले, "तर त्यांचं शेवटचं काम चुकलेलं राहील. कायमचं."

आईने चष्मा लावला. कागदाकडे तिने बराच वेळ पाहिलं. तिनेही तो आधी पाहिला नसावा. मग तिने कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं.

"यावर माझी सही कुठेय?"

"तू औषधं आणायला गेली होतीस."

"मग बिनसहीचा कागद घराबाहेर गेलाच कसा?" हे ती बाबांच्या ऑफिसच्या आवाजात म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्यांची नक्कल केली. "चुकलंय तर चुकलंय. एकतीस वर्षं चुकत होते तिथेही. सगळेच चुकायचे, म्हणून तर तपासणारा ठेवतात. ते काय करायचे चुकलं की? फाडायचे का कागद?"

नाही फाडायचे, आणि खोडतही नसत. जुनी रेघ तशीच ठेवून शेजारी नवी काढायची, तिच्याशी एक छोटा त्रिकोण करायचा, त्रिकोणात आकडा, आणि चौकटीवर लिहायचं: दुरुस्ती १, तारीख. आधी पाइप कुठे होता असं समजलं जात होतं, हेही पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. शुद्धिपत्र चिकटवलेलं पुस्तक मला नेहमी जास्त भरवशाचं वाटतं, पण ते शुद्धिपत्र आपल्या हाताने चिकटवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मी कागद जमिनीवर ठेवला. आईने चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. मी टाच बाबांच्या टाचेच्या रेघेवर नेमकी बसवली, उभी राहिले, आणि पेन्सिल घेऊन वाकले, तशी अडचण लक्षात आली. वाकलं की वजन सरकतं. उभ्या माणसाला आपला पाय काढता येत नाही.

"दे इकडे," आई म्हणाली.

"तुझे गुडघे?"

"उशी दे."

उशीवर गुडघे टेकून ती खाली बसली. "मला सरळ रेघ येत नाही हं."

"पाय कुठे सरळ असतो?"

"कपाट सोड. दोन्ही पायांवर उभी राहा. आणि वाचायला काही मिळणार नाही."

मी समोरच्या भिंतीकडे पाहत उभी राहिले. पेन्सिल टाचेपासून निघाली. बाबांची पेन्सिल पायाला जेमतेम स्पर्श करायची. आईची चांगलीच टोचत होती. खाली पाहिलं तर तिचा भांग दिसत होता, मी समजत होते त्याहून रुंद झालेला.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"हलतेयस. रडायचं असेल तर नंतर रड, रेघ बिघडते."

अंगठ्याशी ती थांबली. बाबांचा ठिपका माझ्या अंगठ्याखाली झाकला गेला होता, तिने विचारलं, "इथून बाहेरून घेऊ ना?" मी हो म्हणाले. तिने वळण घेतलं आणि दुसऱ्या बाजूने टाचेकडे परत गेली.

मी पाय उचलला. आत बाबांची रेघ, बाहेर आईची, जाड आणि नागमोडी. टाचेशी दोन्ही एक होत्या, पुढे जाताना हळूहळू दूर झाल्या होत्या. आईने त्रिकोण काढला, त्यात एक लिहिलं, तारीख घातली, साल दोनदा पाहून. दुरुस्तीसाठी खाली नव्या दोन ओळी आखून 'काढणार' पुढे तिने नाव न लिहिता नुसतं 'आई' असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. तपासणार मी होते. मी बाबांची पट्टी आणली, दोन्ही रेघांमधलं अंतर खरोखर मोजलं, सात मिलिमीटर भरलं, आणि मग सही केली. बाबांच्या ओळीपुढची तपासणाऱ्याची रिकामी जागा आम्ही तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन उडीकाकांकडे गेले. त्यांनी तो काउंटरवर पसरून पाहिला, चष्मेवाल्यालाही हाक मारून दाखवला.

"रेघ कुणाची ही?"

"आईची."

"हात कच्चा आहे," ते म्हणाले. "माप पक्कं आहे." आणि तिसरं खोकं खाली काढलं. या वेळी त्यांनी काहीही वाढवलं नाही.

मी घरी पोचले तेव्हा काटा टेबलावर तयार होता, वर्तमानपत्राच्या तुकड्यासकट. मी काही बोलले नव्हते. आईने आधी कागदाचं वजन केलं, मग एकेक बूट ठेवला आणि नव्या खोक्याच्या झाकणात आतून लिहिलं: उजवा एकशे नव्वद, डावा एकशे अठ्ठ्याऐंशी.

"यांचीही डावी नाडी आखूड आहे वाटतं," ती म्हणाली. "सहा ग्रॅम जास्त झाले गं."

सहा ग्रॅम गुणिले नऊ हजार पावलं. हा गुणाकार मला बोटांवर करता येतो. "चोपन्न किलो," मी म्हणाले.

आईने चष्म्यावरून पाहिलं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे तिचं वजन झालं होतं, आणि कमी झालंय म्हणून मी तिला बोलले होते. "चोपन्न? म्हणजे मीच की."

"तूच."

"मला उचलून धावणार तू? दहा किलोमीटर?"

"पंचावन्न मिनिटांत."

"काहीतरीच." तिने काटा पुसला, वर्तमानपत्राची घडी केली. बाबांचे बूट त्यांच्या खोक्यात होते, मी दोन रेघांचा कागद गुंडाळून त्यातच ठेवला आणि खोकं कपाटावर चढवलं. वळले तर आई बाबांच्या टेबलाचा खण उपसत होती: सेट-स्क्वेअर, टोकयंत्रं, रबर बँडची पुडी.

"काय शोधतेयस?"

"त्यांचं स्टॉपवॉच. कुठे ठेवायचे ते?" ती म्हणाली. "तू सांगशील ती वेळ मी लिहून घेणार नाही. तिथे येऊन बघणार."